हवालदार शेलारांचं पान

हवालदार शेलार आमच्याकडे मुलाखतीला आले, तेव्हा अमोलने त्यांना बसा म्हणून दोन-तीनदा सांगितलं. ते उभेच राहिले. शेवटी अमोललाच बसून बोलायची लाज वाटायला लागली आणि तोही उठला. मग मीही उठले. आमच्या स्टुडिओत खुर्च्या आधीच कमी होत्या. त्या दिवशी सगळ्या रिकाम्या होत्या आणि आम्ही तिघे उभे होतो.

"काय काय येतं तुम्हाला?" अमोलने विचारलं.

"कापड येतं," शेलार म्हणाले.

"कापड म्हणजे?"

"घडी, सुरकुती, फुगणं, फाटणं. बाकीचं शिकतोय."

स्टुडिओ म्हणजे साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे, एका पेढेवाल्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मालक अमोल, कामाला मी. लग्नपत्रिकेतून उडणारी फुलपाखरं, बियाण्याच्या जाहिरातीत नाचणारा ऊस, पशुखाद्याच्या जाहिरातीत डोळा मारणारी म्हैस, असली ॲनिमेशनची कामं आम्ही करायचो. म्हैस आमची सर्वांत गाजलेली कलाकृती होती. तिच्यामुळेच आम्हाला आणखी एक माणूस लागत होता.

शेलार मेढ्याच्या पुढच्या एका डोंगरी गावचे. त्यांच्या गावात मुलगा मिशी फुटली की फौजेत जातो, पेन्शन घेऊन परत येतो आणि मग कुठल्या तरी गेटवर उभा राहतो. बँकेचं गेट, साखर कारखान्याचं गेट, पुण्यातल्या सोसायटीचं गेट. शेलार फौजेत पॅराशूट बांधायचे. दुसऱ्यांनी विमानातून उड्या मारायच्या आणि यांनी जमिनीवर लांबच लांब टेबलापाशी उभं राहून त्यांच्या छत्र्यांच्या घड्या घालायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. परत आल्यावर माजी सैनिकांसाठीच्या कोर्सची यादी त्यांच्या हातात पडली. सिक्युरिटी, ड्रायव्हिंग आणि ॲनिमेशन.

"पहिल्या दोन्हीत आमचं सगळं गाव हाय," ते म्हणाले. "तिसऱ्यात कोनच न्हवतं. म्हटलं, हितं गर्दी कमी."

अमोलने त्यांना ठेवून घेतलं. नाही म्हणायचं धाडस त्याला झालं नाही, असं तो पुढे सांगायचा.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ऑफिसात घड्या पडायला लागल्या. शेलारांना न घडी केलेली वस्तू बघवत नसे. वडापावचा तेलकट कागद, किराण्याच्या पिशव्या, टेबल पुसायचं फडकं, सगळं चौकोनी होऊन रचलेलं. माझी ओढणी खुर्चीच्या पाठीवर असायची. मी पाणी प्यायला उठले की परत येईपर्यंत तिची इतकी घट्ट पुडी झालेली असे की उलगडायला दोघे लागत. एकदा अमोलची आई जेवणाचा डबा घेऊन आली आणि चपात्यांच्या घड्या बघून म्हणाली, "ह्या मी अशा घातल्या नव्हत्या."

काम मात्र ते चोख करायचे. फौजेत प्रत्येक छत्रीबरोबर ती बांधणाऱ्याची सही जाते. तशी सवय असल्यामुळे ते पूर्ण झालेल्या प्रत्येक फाइलच्या नावात स्वतःचं आडनाव घालायचे. डोळा मारणाऱ्या म्हशीची पुढची जाहिरात आमच्या संगणकात अजून 'म्हैस शेलार' या नावाने आहे. फाइल बिघडली, बंद पडली असं ते कधी म्हणाले नाहीत. "कामी आली," म्हणायचे, आणि क्षणभर उभे राहायचे.

त्यांचं लाडकं वाक्य एकच. कुठलंही काम हातात दिलं की म्हणायचे, "माझ्या हातचा माणूस आजवर वाकडा उतरलेला न्हाई."

झेंड्याचं प्रकरण त्यांच्या पहिल्याच पावसाळ्यातलं. स्वातंत्र्यदिनासाठी एका पतसंस्थेला फडकता झेंडा हवा होता. कापडाचं काम म्हणून ते शेलारांकडे गेलं. संगणकात कापड बनवायचं तर हाताने एकेक चित्र काढावं लागत नाही. एक चादर आखायची, तिला सांगायचं की तू कापड आहेस, तुझं वजन इतकं, तू मऊ इतकी, वारा इकडून येतोय, आणि बटण दाबायचं. मग ती आपली आपण फडकते. आवडलं नाही तर आकडे बदलायचे आणि पुन्हा बटण दाबायचं.

शेलारांनी बटण दाबलं. झेंडा फडकला. शेलार ताडकन उठून सावधान उभे राहिले.

आम्हीही उठलो, कारण झेंडा समोर आणि हवालदार बाजूला असताना बसून राहणं कठीण असतं. झेंडा फडकायचा थांबला, आम्ही बसलो. शेलारांनी वारा थोडा वाढवला, बटण दाबलं आणि उठले. आम्ही उठलो. दुपारपर्यंत असंच चाललं. उभं राहिल्यावर हात शिवणीला चिकटलेले, त्यामुळे चूक दिसली तरी त्यांना ती दुरुस्त करता येईना. बसल्यावर झेंडा थांबलेला, त्यामुळे चूक दिसेना. खालचे पेढेवाले नाना चहा द्यायला वर आले, त्यांनी आम्हाला तिघांना सावधान बघितलं, आणि ट्रे हातात घेऊन तेही दारात उभे राहिले.

"कोण गेलं का?" त्यांनी हळूच मला विचारलं.

शेवटी अमोलनेच तोड काढली. झेंडा कोऱ्या पांढऱ्या कापडाचा फडकवायचा, आणि रंग सगळ्यात शेवटी भरायचे. शेलारांना ते पटलं. पांढऱ्या चादरीपुढे ते शांतपणे बसले आणि त्यांनी असा झेंडा केला की पतसंस्थेचे अध्यक्ष तो बघायला स्वतः आले. ते येण्याआधी रंग भरले होते. त्यामुळे अध्यक्षांनाही उभं राहूनच बघावं लागलं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा गावाकडे शेलारांची वेगळीच परीक्षा सुरू होती. त्यांचे थोरले भाऊ सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गावात त्यांना सुभेदारदादा म्हणतात आणि त्यांच्यासमोर मोटारसायकलचा हॉर्न वाजवत नाहीत. धाकट्या भावाने म्हशीला डोळा मारायला शिकवावं, हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी एका साखर कारखान्यात शब्द टाकून गेटवरची जागा धरून ठेवली होती. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं.

शेलारांच्या बायकोने, सुनंदाकाकींनी, मधला मार्ग काढला होता. त्या एकदा ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनीच मला सांगितलं.

"आवं ताई, गावात बाया इचारत्यात, तुजा नवरा साताऱ्याला करतो काय? मी काय सांगू? कापूड उडवतो म्हनू? मग मी थोरल्या दाजींना म्हनले, यांचं एक काम तुमी डोळ्यानं बघा. पसंत पडलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई पडलं तर न्या गेटवर."

"मग दाखवा ना झेंडा," मी म्हटलं.

"दाखिवला की. दाजी हुबं ऱ्हायले, सलूट केला आन म्हनले, झेंडा चांगलाच असतो, त्यात ह्याचं काय?"

अशा वेळी सांगलीहून चौगुले अण्णा आले.

चौगुले अण्णा हौशी नाटकं बसवतात. दिवसा हळदीचा व्यापार आणि संध्याकाळी तालीम. त्यामुळे त्यांच्या नाटकातल्या प्रत्येक पात्राच्या कपड्याला थोडा पिवळा हात लागलेला असतो. त्यांच्या नव्या नाटकात शेवटी एक म्हातारे मास्तर पिंपळाखालच्या खुर्चीत बसल्या बसल्या मरतात. मागे मोठा पडदा, पडद्यावर पिंपळाचं चित्र. मास्तरांनी शेवटचा श्वास सोडला की पिंपळाचं एक पान गळून खाली यायचं. एवढंच काम.

"एकच पान हाय," अण्णा म्हणाले. "पण ते पडताना बघून प्रेक्षकाच्या घशात दाटून आलं पाहिजे."

संगणकाच्या हिशेबाने पान म्हणजे बारकं, जरा कडक कापडच. अमोलने काम शेलारांना दिलं. शेलारांनी मान हलवली आणि आपलं वाक्य म्हटलं. मग त्यांनी काकींना फोन करून सांगितलं की दादांना सांगलीच्या नाटकाला घेऊन या, माझं पान पडणार आहे.

पहिलं पान तयार झालं तेव्हा अण्णांना बोलावलं. पडद्यावर पिंपळ होता. फांदीवरून पान सुटलं. सुटल्याबरोबर ते मधून फुगलं, कडा खाली वाकल्या, देठ बरोबर मध्यभागी आला, आणि ते सरळ रेषेत, एका गतीने, अजिबात न हलता खाली आलं. जमिनीला अलगद टेकलं. तोंड वर, देठ खाली.

शेलारांनी अण्णांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

अण्णांनी पडद्याजवळ जाऊन टेकलेलं पान वाकून बघितलं. मग म्हणाले, "हवालदार, हे पान मरतंय का ड्यूटीवर हजर होतंय?"

"सुखरूप उतरलं न्हवं?"

"सुखरूपच राहायचं असतं तर झाडावर नसतं का राहिलं?"

शेलारांना हा मुद्दा कळायला वेळ लागला. अख्खं आयुष्य त्यांनी एकाच गोष्टीसाठी घालवलं होतं, की वरून सुटलेली वस्तू हलू नये, फिरू नये, कलंडू नये. आता कोणी तरी सांगत होतं की नीट पडू नकोस. अण्णा गेल्यावर ते खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्यात असं कोन वाकडं उतरलं तर त्याला दवाखान्यात न्यायचे. हितं त्याला टाळ्या पायजेत."

पण हुकूम तो हुकूम. ते कामाला लागले. पान जरा मऊ केलं तर ते ओल्या हातरुमालासारखं लोंबत खाली आलं आणि जमिनीवर त्याचा बोळा झाला. शेलारांना तो बोळा बघवेना. कडक केलं तर पापडासारखं एका कडेवर आपटलं. हवा वाढवली तर पान पडायचंच विसरलं. वर जाऊन पिंपळाच्या शेंड्यापाशी गिरट्या घालत राहिलं. "परत बोलवा त्याला," असं ते मला म्हणाले, जणू माझ्याकडे वायरलेस होता.

एकदा जमीन कडक करायची राहून गेली. पान आलं, जमिनीतून आरपार गेलं आणि दिसेनासं झालं. मी म्हटलं, "काका, थांबवा आणि परत सुरू करा." ते ऐकेनात. त्यांनी कॅमेरा जमिनीखाली नेला. तिथे नुसती करडी पोकळी असते, तिला तळ नसतो. खूप खाली त्यांना पान सापडलं. ते अजून पडत होतं, एकटंच.

"ताई, आपला मानूस असा सोडून यायची पद्धत न्हाई," ते म्हणाले.

जेवायच्या सुट्टीत त्यांनी संगणक बंद केला नाही. डबा उघडून पडद्यासमोर बसले आणि त्या पडणाऱ्या पानाला सोबत केली. अमोलला एका लग्नपत्रिकेचं काम त्याच मशीनवर करायचं होतं. नवऱ्यामुलाचा बाप दारात उभा. अमोलने शेवटी शेलारांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, ते गेलं." शेलारांनी डबा बंद केला, उठून उभे राहिले, आणि मग मला म्हणाले, "दाबा."

मी बटण दाबलं. नवऱ्यामुलाच्या बापाने टोपी काढली होती. कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं.

मग त्यांनी खऱ्या पानांचा अभ्यास सुरू केला. रोज येताना पिंपळाची पानं आणायचे आणि आमच्या गॅलरीतून एकेक खाली सोडायचे. पण वरून बघताना पान कसं जातंय ते नीट कळत नसे. तिसऱ्या-चौथ्या पानानंतर जिन्यावर पावलं वाजली आणि नाना वर आले. त्यांच्या चिमटीत एक पान होतं, त्यावरून दूध ठिबकत होतं.

"हवालदार, तुमचा जवान आमच्या कढईत उतरला."

कोणीही माफी मागितली असती. शेलारांनी विचारलं, "कसा आला? सरळ का तिरका?"

नानांनी विचार केला. ते रागावून आले होते, पण प्रश्न असा होता की उत्तर द्यावंसं वाटलं. "आला आला वाटलं आणि लांब गेला. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात मागं फिरून आला."

"मधी थांबला का?"

"थांबला की. बघितलं त्यानं कढईकडं. मग आला."

त्या दिवसापासून नाना आमचे जमिनीवरचे निरीक्षक झाले. शेलार वरून पान सोडायचे आणि नाना खाली रस्त्यावर मान वर करून ओरडून सांगायचे, "चाललं... चाललं... डावीकडं... थांबलं... फिरलं... आता माझ्या टकलावर." पेढे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक वाट बघत उभं राही. काही जण त्यात भागही घ्यायला लागले. एक निवृत्त मुख्याध्यापिका रोज संध्याकाळी फिरायला जाताना पाच मिनिटं थांबून पान बघून जायच्या आणि आपलं मत सांगायच्या. त्यांच्या मते कालचं पान जास्त मनापासून पडलं होतं.

एवढं होऊनही संगणकातलं पान सुधारेना. शेलार खऱ्या पानासारखं डावं-उजवं करायला गेले की ते परेड करायला लागायचं. डावीकडे मोजून, उजवीकडे मोजून, मध्ये थांब. एके दुपारी ते हताश होऊन म्हणाले, "पिंपळाचं पान लय बेशिस्त हाय ताई. प्रत्येक येळी येगळंच करतंय. ह्याचं ट्रेनिंग कुणी घेतलंय कळंना."

मी सहज विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कधी उडी मारलीत का?"

त्यांनी माउस बाजूला ठेवला. नंतर उठून दार लोटून आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. कोणाशी बोलायला ते असे बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"गावात सांगितलंय, लय मारल्या म्हनून," ते म्हणाले. "एकच मारली."

त्यांच्या साहेबांचं म्हणणं होतं की दुसऱ्याची छत्री बांधणाऱ्याने एकदा तरी स्वतःच्या हातची छत्री घालून बघावी. शेलारांनी स्वतः बांधलेली छत्री पाठीला लावली. विमानाच्या दारात आल्यावर त्यांना आठवेना की शेवटची गाठ मारली होती की नाही. तोवर मागच्याने ढकललं होतं.

"छत्री उघडली. झकास उघडली. पर वारं असलं सुटलं, ताई, की काय सांगू. इकडं गेलो, वर गेलो, थांबलो. त्या थांबन्यात मानूस मरतो बघा. पोटात काय ऱ्हात न्हाई. मग घसरलो तिकडं. पुन्हा थांबलो. मी भैरोबाला म्हटलं, बाबा, एकदा खाली ने, मग कुठंबी टाक."

भैरोबाने त्यांना एका शेतातल्या म्हातारीच्या अंगणात टाकलं. अंगणात बाजांवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. शेलार आडवे, तोंडावर, बरोबर मिरच्यांमध्ये उतरले, आणि वरून छत्री अंगावर आली. म्हातारी काठी घेऊन आली. तिने आधी छत्रीखालची मिरची मोजली, मग माणूस बघितला. सांडलेल्या मिरच्या वेचून दिल्याशिवाय ती पाणी देईना. शेलारांचे डोळे मिरचीने मिटलेले. हाताने चाचपडत त्यांनी एकेक मिरची वेचली. छावणीत परत आल्यावर साहेबांनी विचारलं, कसं झालं? शेलार म्हणाले, एकदम ठीक, सर.

हे सांगताना ते मान खाली घालून बसले होते. दाराबाहेर अमोल उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि हसू दाबायच्या प्रयत्नात त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो आत आला, शेलारांच्या चाकाच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तेच आपलं पान आहे. सांगा, कसे गेलात."

त्या दुपारी आमच्या दोन खोल्यांतून हवालदार शेलार पान म्हणून फिरले. अमोल खुर्ची ढकलायचा, शेलार डोळे मिटून सांगायचे. "हितं हळू. अजून हळू. आता थांबा. हितं गोळा आला. सोडा, सोडा आता, घसरू द्या." मी संगणकापाशी बसून आकडे बदलत होते. देठाकडे वजन वाढवलं, कारण शेलारांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे बूट जड होते आणि त्यामुळेच ते एका बाजूला कलत होते. हवा एकसारखी ठेवली नाही. मध्येच जोरात, मध्येच अजिबात नाही. पान थोडं मऊ केलं, कारण त्या उंचीवर त्यांच्या अंगात जीव राहिला नव्हता. आणि उतरताना आडवं, तोंडावर.

बटण दाबलं. पान फांदीवरून सुटलं. डावीकडे वाहत गेलं, वर उचललं गेलं, थांबलं. मग घसरत उजवीकडे गेलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली, पुन्हा थांबलं, आणि शेवटी कुणाचं तरी ऐकल्यासारखं आडवं होऊन मातीला लागलं.

मी वळून बघितलं. शेलारांचा चेहरा हिरवट झाला होता. एका हाताने त्यांनी टेबल धरलं होतं.

"गाडीवानी लागलं मला," ते म्हणाले, आणि मोरीकडे गेले.

सांगलीच्या प्रयोगाला गाव आलं. सुभेदारदादांची मुलगी सांगलीत दिलेली. त्यामुळे जेवण तिच्याकडे आणि नाटक नंतर, असा बेत होता. मेढ्याकडचे दोन रांगा भरून लोक, त्यात निम्मे माजी फौजी, मध्यभागी सुभेदारदादा फेटा बांधून. काकी त्यांच्या मागच्या रांगेत. शेलार आणि मी सर्वांत मागे, लॅपटॉपपाशी. शेलार उभे होते. मागच्या लोकांना दिसत नाही अशी तक्रार करायला मागे कोणी नव्हतं.

नाटक चांगलं चाललं होतं. मास्तरांचं काम करणारे गृहस्थ मुरलेले नट होते. त्यांनी खुर्चीत बसून शेवटचं भाषण सुरू केलं. लोक नाक पुसायला लागले. मास्तरांनी मान टाकली, आणि मी बटण दाबलं.

पडद्यावर पान सुटलं. लोक नाक पुसायचे थांबले. पान वाहत गेलं, वर उचललं गेलं आणि थांबलं.

"आगं बाई," सुनंदाकाकींचा आवाज आला. "आता पडतंय."

"गप," सुभेदारदादा मागे न बघता म्हणाले. "सावरंल ते."

पान घसरलं. दोन रांगा एकदम डावीकडून उजवीकडे झुकल्या. कोणी तरी फौजी हलक्या आवाजात म्हणाला, "पाय जुळीव, पाय जुळीव." पानाने गिरकी घेतली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीचा हात धरला. पान शेवटचं थांबलं, आडवं झालं आणि जमिनीला टेकलं.

सुभेदारदादा उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग दोन्ही रांगा उठल्या. मग सगळं नाट्यगृहच टाळ्या वाजवायला लागलं. कोणी शिट्टी मारली. खुर्चीत मेलेल्या मास्तरांनी एक डोळा उघडून प्रेक्षकांकडे बघितलं, मग वळून पानाकडे बघितलं, आणि पुन्हा मेले.

प्रयोगानंतर रंगपटात ते गृहस्थ अण्णांवर बरसले. "तीस वर्षं काम करतोय. मी मेल्यावर शांतता, आणि त्या पानाला शिट्टी. यापुढे एक तर ते पान, नाही तर मी." पुढच्या प्रयोगांत अण्णांनी पान ठेवलं, पण दर्शनी पडदा निम्मा पडल्यावर. त्यावर मास्तर राजी झाले.

बाहेर टेम्पो ट्रॅव्हलरपाशी सगळे जमले होते. शेलार भावासमोर जाऊन उभे राहिले, पाय जुळवून.

"हे तू केलंस?" सुभेदारदादांनी विचारलं.

"व्हय दादा."

"एवढं एक पान पाडायला तुला महिना लागला?"

"व्हय."

"आपल्या परड्यात रोज पोतंभर पडत्यात."

काकींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता गेट.

सुभेदारदादांनी फेटा काढून हातात घेतला. "पर मी त्यांच्याकडं कवा बघितलं न्हाई," ते म्हणाले. "हे बघितलं. खुर्चीचा हात धरून बघितलं, रं. मला वाटलं, आता हे आपटतंय." मग टेम्पोकडे हात करून, "लॅपटॉप टेम्पोत घे. ह्या पोरांना जाताना परत बघायचंय."

पोरांमधलं एकही चाळिशीच्या आतलं नव्हतं. सांगली ते सातारा, टेम्पोच्या पहिल्या सीटवर लॅपटॉप ठेवून सगळ्यांनी पान बघितलं. बॅटरी संपली तेव्हा कऱ्हाड मागे गेलं होतं. उतरताना सुभेदारदादा मला म्हणाले, "कारखान्यात दुसरा कोन तरी बघतो मी. ह्याचं हितंच चालू द्या."

चालू राहिलं, पण फार दिवस नाही. नाटकाच्या त्या पानाचं रेकॉर्डिंग कोणाच्या तरी फोनवरून पुण्याच्या एका मोठ्या स्टुडिओत पोचलं. तिथे पौराणिक मालिकेतल्या राण्यांचे पदर आणि देवांचे शेले उडवायला माणूस हवा होता. शेलारांनी जायचं की नाही हे अमोलला विचारलं, मला विचारलं, नानांना विचारलं. नानांनी सांगितलं, "जावा. आमची बासुंदी तरी सुरक्षित राहील." आणि मग दुकानात जाऊन एकटेच उभे राहिले. अजून फोन येतो त्यांचा. "ताई, राणीचा पदर ऐकंना झालाय," असा सुरुवातीलाच रिपोर्ट असतो.

त्यांना निरोप द्यायला अमोल आणि मी सातारा स्टँडवर गेलो होतो. काकींनी त्यांचा घरचा, सारखा तापणारा संगणक वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, सामान वर ठेवा. काकी म्हणाल्या, "तापाचं हाय, वारं लागाया नगं." कंडक्टरने वाकळेकडे बघितलं आणि दबक्या पावलांनी पुढे गेला. शेलारांना खिडकीची जागा मिळाली होती. गाडी सुरू झाली, आम्ही हात वर केले.

तेवढ्यात स्टँडच्या तोंडाशी गाडीच्या बाजूला भाजीचा एक टेम्पो येऊन थांबला. त्याच्या ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं. हवालदार शेलार कमरेपर्यंत खिडकीबाहेर आले. आम्हाला वाटलं, आमच्यासाठीच. पण त्यांचं तोंड टेम्पोकडे होतं, आणि ते हातवारे करून ड्रायव्हरला सांगत होते की पहिलं टोक आत दुमड, मग दोरी खालून घे, खालून, वरून न्हाई. बस वळली तरी त्यांचा हात खिडकीतून गाठ मारून दाखवत होता.

बस गेल्यावर टेम्पोवाला खाली उतरला आणि मुकाट्याने दोरी खालून घ्यायला लागला. आमचे हात अजून वरच होते.